अडलं तर ठोकू नकोस!

पिस्टनच्या खाचांत बसणाऱ्या बिडाच्या रिंगा मोकळ्या असताना सिलिंडरपेक्षा मोठ्या असतात. म्हणूनच आत गेल्यावर त्या भिंतीला घट्ट भिडतात. पण त्यांना आत घालायचे कसे? माझ्या जुन्या मोटारीच्या इंजिनात मिस्त्रींचा पोरगा त्या स्क्रू-ड्रायव्हरने दाबू लागला. कटकन एक मोडली! पोराचा चेहरा उतरला.

मिस्त्री रागावले नाहीत. नवी रिंग चढवून त्यांनी तेल लावले, रिंगांची तोंडे एका रेषेत नाहीत हे पाहिले, भोवती ‘रिंग कॉम्प्रेसर’चा पोलादी पट्टा आवळला आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने पिस्टन अलगद आत सरकवला.

“अडलं तर ठोकू नकोस. सोड, पुन्हा आवळ.”

वर्गात अडलेल्या पोरांवर वर्षानुवर्षे ठोकाठोकी करणारा मी मास्तर, मुकाट्याने ऐकत राहिलो.