माळवद, खण आणि दोन अनोळखी परीक्षक

स्थापत्यविषयक संशोधन-नियतकालिकाला लेख पाठवणे ही आपल्याकडे अजून प्राध्यापकांची खासगी बाब समजली जाते. त्यांना पदोन्नतीसाठी ते करावेच लागते. बाकीच्यांनी त्या वाटेला कशाला जावे, असा एकूण समज. पण मंगळवेढा, बार्शी, करमाळा या टापूतल्या माळवदाच्या घरांची नीट मोजमापे घेतलेली रेखाटने माझ्या पाहण्यात फार थोडी आली, आणि जी आली ती कुठल्याशा अभ्यासदौऱ्यानंतर कपाटात पडून राहिलेली. या घरांविषयीची माहिती दूरच्या अभ्यासकाने विश्वासाने वापरावी असे वाटत असेल, तर ती परीक्षणातून गेलेली असावी लागते. ही चाळणी चालते कशी, ते कोणत्याही संस्थेत नसलेल्या माणसाच्या नजरेतून सांगतो. मी तिच्यातून दोनदा गेलो आहे.

पद्धत आपण समजतो तितकी पुरातन नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ साली निघाले, तेव्हा काय छापायचे ते हेन्री ओल्डेनबर्ग हे चिटणीस स्वतःच ठरवत. तिथे सभासदांकडून लेखी अभिप्राय मागवण्याची रीत १८३२ च्या सुमारास सुरू झाली, आणि पहिल्याच लेखावर ह्यूएल आणि लबक या दोन परीक्षकांचे जमले नाही! 'नेचर'सारख्या नामांकित साप्ताहिकाने बाहेरच्या तज्ज्ञांचे परीक्षण सरसकट लागू केले ते १९७३ मध्ये. स्थापत्य-इतिहासात अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ आर्किटेक्चरल हिस्टोरियन्सचे नियतकालिक १९४१ पासून चालू आहे. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे नवी मुंबईच्या पिल्लई वास्तुकला महाविद्यालयाने २०१४ मध्ये सुरू केलेले 'टेक्टॉन'.

लेख गेला की तो आधी संपादक वाचतात. विषय नियतकालिकाच्या कक्षेत बसतो का, शब्दमर्यादा पाळली का, चित्रे छापण्याजोगी आहेत का, एवढे पाहून बरेच लेख इथूनच परत जातात. याला परीक्षण म्हणत नाहीत, तरी सर्वांत मोठी गळती इथेच होते. पुढे गेलेला लेख साधारण दोन परीक्षकांकडे जातो. ते या कामाचे पैसे घेत नाहीत. लेखक कोण हे त्यांना माहीत नसते, ते कोण हे लेखकाला कळत नाही. निकाल चार प्रकारचे: जसाच्या तसा स्वीकार (हा मी तरी ऐकलेला नाही), किरकोळ दुरुस्त्या, मोठ्या दुरुस्त्या आणि नकार. 'मोठ्या दुरुस्त्या' हा शब्द वाचून अनेक नवखे लेखक खचतात आणि लेख बाजूला ठेवतात. वास्तविक ते आमंत्रण असते. नको असलेल्या लेखावर कोणी चार पाने टिपणे लिहीत बसत नाही.

लेखक आणि परीक्षक यांच्यामधला हा पडदा स्थापत्यात विचित्र ठरतो. मजकुरातून आपले नाव काढणे सोपे. पण नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मोजणाऱ्याचे नाव असते, छायाचित्राच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याच्या मालकाचे असू शकते, आणि लेखात 'प्रस्तुत लेखकाने पूर्वी दाखवल्याप्रमाणे' असे एक वाक्य राहिले तरी पडदा फाटला. शिवाय मंगळवेढ्याच्या माळवदांवर लिहिणारी माणसे आहेत किती? विषय वाचूनच जाणकार ओळखतो. याचा एक फायदा मात्र खरा आहे: लेखाच्या माथ्यावर विद्यापीठाचे नाव नाही, हे परीक्षकाला दिसत नाही. अर्जातल्या 'संस्था' या सक्तीच्या रकान्यात मी 'स्वतंत्र संशोधक, सोलापूर' असे लिहितो. ते संपादकापाशीच थांबते.

आता खरी लढाई कुठे होते, ते एका शब्दावरून सांगतो. माळवदाच्या घराचे माप खणात सांगतात. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, मग चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही रचना. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर पाच खणांचे की सात खणांचे, यावरून घरमालकाची ऐपत कळे. इंग्रजी लेखात मी 'खण' हाच शब्द ठेवला होता. एका परीक्षकाने लिहिले, इंग्रजीत 'बे' हा शब्द असताना स्थानिक शब्द कशाला. आणि खण म्हणजे नेमके किती फूट, ते एकदा सांगून टाका.

दुसरी मागणी पुरी करणे शक्यच नव्हते. खण हे फुटाचे माप नव्हे. लाकूड जेवढे लांब मिळाले आणि वरच्या मातीचा भार जेवढा पेलेल, तेवढा खण. बाभळीच्या घराचा खण आखूड, सागाच्या घराचा ऐसपैस, म्हणून दोन 'पाच खणी' घरे क्षेत्रफळाने सारखी नसतात. उत्तरात मी प्रत्येक घराच्या प्रत्येक खणाचे माप कोष्टकात दिले, शेजारी लाकडाची जात लिहिली आणि 'बे' का चालणार नाही ते दोन परिच्छेदांत मांडले. परीक्षकाने मान्य केले. ते कोष्टक आज त्या लेखाचा सर्वांत उपयोगी भाग आहे, आणि प्रश्न आला नसता तर ती आकडेवारी माझ्या वहीतच राहिली असती.

परीक्षकाचे प्रत्येक म्हणणे ऐकलेच पाहिजे असे नसते, हे नव्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक देऊन उत्तर लिहायचे: हे बदलले, अमुक पानावर पाहा, हे बदलले नाही, कारण असे. रागाचा एक शब्दही नको.

दुसऱ्या परीक्षकाचा प्रश्न जास्त अवघड होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात माती-दगडाच्या घरांखाली हजारो माणसे गेली. त्याविषयी लेखात काहीच कसे नाही? माझा विषय घराच्या रचनेपुरता होता, पण प्रश्न रास्त होता. त्या भूकंपात चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि वरची जड माती अंगावर आली. मात्र जिथे छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे पाहणाऱ्यांनी नोंदवली आहेत. म्हणजे खांब भिंतीपासून मोकळा आहे की तुळई थेट भिंतीवर टेकली आहे, ही बाब केवळ रचनेची राहत नाही. आजही त्या घरात झोपणाऱ्यांच्या जिवाशी तिचा संबंध आहे. मी पुन्हा सगळ्या घरांत गेलो आणि तेवढी एकच गोष्ट तपासून आलो.

पण घरात गेलो मी. परीक्षक गेले नाहीत, आणि जातही नाहीत. या पद्धतीची मला जाणवलेली मोठी उणीव हीच. परीक्षक तर्क तपासतो, संदर्भ तपासतो, कोष्टकातली बेरीज तपासतो. माळवदावर चढून साणे खरोखर स्वयंपाकघरावरच आहे का, ते बघत नाही. आपल्या जिल्ह्यातली शिलालेखांची परंपरा या बाबतीत निराळी आहे. हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी लेख उजेडात आणला तो सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी, विद्यापीठाबाहेर राहून. असल्या लेखाचा ठसा कोणीही घेऊ शकतो, दगडासमोर उभे राहून अक्षर वाचू शकतो. अक्षीच्या लेखाच्या शकाविषयी अभ्यासकांनी आपापली नावे लिहून उघड वाद घातला. दगड जागेवर असल्यामुळे हे शक्य होते. घराचे तसे नाही. माझा एक लेख पहिल्या पाठवणीपासून छापून येईपर्यंत चौदा महिने लागले. तेवढ्या अवधीत त्यातल्या सहा घरांपैकी दोन पाडून तिथे सिमेंटचे स्लॅब पडले. आता ती मोजमापे तपासायला जागाच उरलेली नाही. म्हणून मी तारीख घातलेली कच्ची रेखाटने, टेप लावलेली छायाचित्रे आणि गवंड्यांच्या मुलाखतींच्या नोंदी लेखाबरोबर पुरवणी म्हणून जोडतो. बहुतेक संपादक ती ठेवून घेतात.

चौदा महिने ऐकून कोणालाही आखूड वाट हवीशी वाटेल. ती आहे आणि महाग आहे. पैसे भरा, तीन दिवसांत 'परीक्षण' होऊन लेख छापू, अशी पत्रे मलासुद्धा येतात. पदोन्नती आणि पीएच.डी. यांसाठी प्रकाशने मोजू लागल्यावर हा धंदा फोफावला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची पुण्यातल्या अभ्यासकांनी छाननी केली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तपासलेल्यांपैकी ८८ टक्के निकषांत बसत नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे यादीतून काढली. पुढे 'केअर' यादी आली, तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. आता निवड ज्याची त्याने करायची. माझी कसोटी साधी आहे: त्या नियतकालिकातले मागचे तीन लेख वाचायचे. चित्रांखाली प्रमाणपट्टी आणि उत्तर दिशा नसेल, तर ते स्थापत्याचे नियतकालिक नव्हे.

खर्चाचे एक सांगायचे राहिले. चांगल्या नियतकालिकांतही पुराभिलेखातल्या जुन्या नकाशाची किंवा छायाचित्राची परवानगी लेखकानेच मिळवायची असते, त्याचे शुल्क असल्यास तेही त्यानेच भरायचे. आणि छापलेला लेख बऱ्याचदा पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. ज्यांच्या सोप्यात बसून मी मापे घेतली, त्यांना तर तो मुळीच दिसत नाही. सही करण्याआधी करारात 'स्वीकृत मसुदा' हा शब्द शोधा. पुष्कळ प्रकाशक परीक्षणानंतरचा, पण छपाईसाठी न मांडलेला मजकूर लेखकाला वाटू देतात, काही ठरावीक मुदतीनंतर. मी तो मसुदा मराठीत केला, रेखाटने जोडली आणि झेरॉक्स काढून सहाही घरांत दिला, ज्या दोघांची घरे आता स्लॅबची झाली आहेत त्यांनासुद्धा.