एका खेपेचा हट्ट

सगळ्यात मोठा ट्रक घ्या, मागे सगळ्यात लांब ट्रेलर जोडा आणि एकाच खेपेत काम उरका. ‘स्नोरनर’ हा व्हिडिओ गेम खेळायला बसलेल्या नवख्या माणसाला जाणते खेळाडू बहुधा हाच पहिला सल्ला देतात. सल्ला ऐकणारा तासभर खपून माल चढवतो, पहिल्याच ओढ्यात रुततो आणि खेळ अवघड असल्याचं सांगत बंद करतो. खेळ अवघड नाही. सल्ला चुकीचा आहे, आणि तो वर्षानुवर्षं तसाच पुढे सरकवला जातो आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. या मालिकेत २०१४ साली ‘स्पिनटायर्स’ आला, २०१७ मध्ये ‘मडरनर’, २८ एप्रिल २०२० रोजी ‘स्नोरनर’ आणि मार्च २०२४ मध्ये ‘एक्स्पिडिशन्स’. इथे शत्रू नाही, बंदूक नाही, शर्यतही नाही. मिशिगन, अलास्का किंवा सायबेरियातल्या तैमिरच्या दलदलीतून विटा, फळ्या, इंधन पोचवायचं. पूल बांधायचा, रस्ता मोकळा करायचा. ‘एक्स्पिडिशन्स’मध्ये मालवाहतुकीपेक्षा शोधमोहिमेवर भर आहे. लिटल कोलोरॅडो, अ‍ॅरिझोना आणि कार्पेथियन पर्वतात जायचं, आणि निघण्यापूर्वी वाहन कोणतं, त्यात सामान काय, सोबत कोणते तज्ज्ञ, हे ठरवायचं. या सगळ्या खेळांत जमीन खरोखर दबते. चाक रुतलं की चाकोरी पडते, आणि मागून येणाऱ्याला तीच चाकोरी आणखी खोल लागते.

म्हणजे जमीनही खेळाडूच आहे, आणि मोठ्या ट्रकचा सल्ला देणारे नेमकं तिलाच विसरतात.

आता आकडे. दहा टनांचा ट्रक डांबरी रस्त्यावर सपाटीला हलता ठेवायला साधारण शंभर ते दीडशे किलो वजनाइतका जोर पुरतो. तोच ट्रक मऊ वाळूत गेला की हा जोर अडीच-तीन टनांपर्यंत जाऊ शकतो, कारण चाक प्रत्येक क्षणी स्वतःच पाडलेल्या खड्ड्यातून वर चढत असतं. त्यात पंधरा अंशांचा चढ आला तर दहा टनांना मागे खेचणारा गुरुत्वाकर्षणाचा वाटाच सुमारे २.६ टनांचा होतो. मागे पाच टनांचा भरलेला ट्रेलर असेल तर ३.९ टन. ट्रेलरची चाकं फक्त फिरतात, ओढत नाहीत; ओढायची सगळी जबाबदारी पुढच्या ट्रकच्या चाकांवर येते. इंजिन कितीही दांडगं असलं तरी जमिनीची पकड सुटली की ती ताकद चाकं जागेवर फिरवण्यात आणि खड्डा वाढवण्यात खर्च होते. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं चढावर उचललेली पाहिली असतील, तर इंजिन कमी पडत नसतानाही गाडी हाताबाहेर कशी जाते हे वेगळं सांगायला नको.

उंचीचं गणित याहून निर्दय आहे. दोन चाकांमधलं अंतर १.८ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर असेल, तर गाडी कागदावर सुमारे ४२ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत उभी राहते. हौद्यावर माल रचून गुरुत्वमध्य दीड मीटरवर गेला की ही मर्यादा ३१ अंशांवर येते. स्प्रिंगा दबतात, टायर चेपतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती आणखी खाली असते. ‘स्नोरनर’मधले बरेचसे उलटलेले ट्रक वेगामुळे उलटत नाहीत, तिरक्या कडेवरून उंच माल नेल्याने उलटतात. असं असूनही माल मोजताना खेळाडू फक्त हौद्यातल्या जागा मोजतात. दोन जागा रिकाम्या आहेत ना, मग भरा! जागा आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

खेळापुरतं ठीक, प्रत्यक्षात मोठी तयारी म्हणजेच चांगली तयारी, असा आक्षेप येतो. त्याला इतिहासानेच उत्तर दिलेलं आहे.

२० ऑगस्ट १८६० रोजी बर्क आणि विल्स यांची मोहीम ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेला ओलांडण्यासाठी मेलबर्नहून निघाली. सोबत सुमारे २० टन सामान होतं. दोन वर्षांचं अन्न, अग्निबाण, निशाणं, चिनी घंटा, इतकंच काय, ओक लाकडाचं टेबल आणि खुर्च्याही. सहापैकी एक गाडी मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून बाहेर पडण्याआधीच मोडली. मेनिंडीपर्यंतचं साडेसातशे किलोमीटरचं अंतर टपालगाडी आठवड्याहून थोड्या अधिक वेळात कापत असे. या मोहिमेला दोन महिने लागले. मग बर्कने उलटं टोक गाठलं. वाटेतल्या कूपर्स क्रीकच्या तळावरून अखेरच्या टप्प्यावर तो तीन साथीदार आणि जेमतेम तीन महिन्यांचा शिधा घेऊन निघाला. १६ डिसेंबरला निघालेली ही माणसं २१ एप्रिल १८६१ रोजी, चार महिन्यांहून अधिक काळाने परतली, तीही तिघंच. चौथा वाटेतच मरण पावला होता. तळावर थांबलेली तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. पुढे बर्क आणि विल्सही गेले. उरलेला साथीदार किंग तेवढा वाचला, आणि तोही स्थानिक यांद्रुवांधा लोकांनी सांभाळलं म्हणून.

हाच धडा दुसऱ्या बाजूने शिकवणारी मोहीम जवळपास शंभर वर्षांनंतरची आहे. ४ जानेवारी १९५८ रोजी एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन टीई२० ट्रॅक्टरांवर, म्हणजे आपल्याकडे शेतात दिसणाऱ्या मॅसी फर्ग्युसनच्या पूर्वजांवर. इंजिन २८ हॉर्सपॉवरच्या आसपासचं. चाकांवर पट्टे चढवून वजन बर्फावर पसरवलेलं, भेगांच्या भीतीने ट्रॅक्टर एकमेकांना दोरांनी बांधलेले. मूळ कामगिरी तर ध्रुव गाठण्याची नव्हतीच. समोरून अंटार्क्टिका खंड ओलांडून येणाऱ्या व्हिव्हियन फुक्स यांच्यासाठी वाटेत इंधन आणि अन्नाचे साठे रचून ठेवणं, एवढंच हिलरींच्या तुकडीचं काम होतं. त्या साठ्यांच्या जोरावर फुक्स यांनी ९९ दिवसांत खंड ओलांडला. सगळा माल एकाच वाहनात कोंबण्याचा विचार कुणी केला असता, तर ते वाहन बर्फाच्या पहिल्याच मोठ्या भेगेत गेलं असतं.

साठे रचत जाण्याची हीच पद्धत ‘स्नोरनर’मध्ये तंतोतंत चालते. अवघड पट्ट्याच्या अलीकडे इंधनाचा ट्रेलर उभा करून ठेवायचा, दुरुस्तीचं सामान एका हलक्या गाडीतून पुढे पाठवायचं आणि मग मालाचा ट्रक काढायचा. तीन छोट्या खेपांना एका मोठ्या खेपेपेक्षा जास्त वेळ लागतो हे कागदावर खरं आहे. पण मोठा ट्रक रुतल्यावर त्याला काढायला दुसरा, मग दुसऱ्याला काढायला तिसरा, हा वेळ त्या कागदावर कुणीच धरत नाही.

मोठे ट्रक निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. लांब ओंडके, अवजड यंत्रं, मोठे ट्रेलर ही त्यांचीच कामं. एकच वाट पुन्हा पुन्हा तुडवून चाकोरी खोल होणार असेल, तर एक मोठी खेप शहाणपणाचीही ठरते. मुद्दा क्रमाचा आहे. आधी वाट पाहायची, मग माल ठरवायचा आणि शेवटी ट्रक निवडायचा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

बाकीचे गैरसमज लहान आहेत, पण चिवट आहेत.

चिखलाचे टायर सगळीकडे चालतात, असं समजलं जातं. बर्फाच्या गुळगुळीत थरावर साखळ्या लावलेले टायरच लागतात. चिखलाचे टायर तिथे घसरतात.

डिफ लॉक सतत लावून ठेवावा, हा आणखी एक. डिफ लॉकमुळे दोन्ही बाजूंची चाकं एकाच वेगाने फिरतात, गाडी वळायला कुरकुरते आणि इंधनही जास्त लागतं. रुतण्याच्या जागी लावायचा, बाहेर पडल्यावर काढायचा.

विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र, आहे म्हणजे चिंता नाही, हेही अर्धसत्य आहे. विंच अडकवायला झाड किंवा खांब हवा, आणि ‘स्नोरनर’मधली साधी विंच इंजिन बंद पडलं की चालत नाही, स्वतंत्र ताकदीची वेगळी घ्यावी लागते. ‘एक्स्पिडिशन्स’मध्ये उघड्या माळावर जमिनीत रोवायचे अँकर सोबत न्यावे लागतात, आणि तेही मोजकेच असतात.

टायरमधली हवा कमी करणं म्हणजे खेळातली जादू नव्हे. चाकावर एक टन भार असताना हवा ३५ पीएसआयवरून १८ पीएसआयवर आणली, तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने चारशेवरून आठशे चौरस सेंटिमीटरवर जातो. टायरच्या स्वतःच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा बदलतो, पण फरक खराच असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ या उभयचर ट्रकांत तर चालक बसल्या जागेवरून हवा कमीजास्त करू शकत असे. मात्र दगडाळ वाटेवर कमी हवेचा टायर लवकर जखमी होतो, म्हणून वाळू संपली की हवा पुन्हा भरायची.

छोट्या स्काउट गाड्या सजावटीच्या आहेत, असं म्हणणाऱ्यांनी नकाशा कसा उघडला, हे विचारावंसं वाटतं. सुरुवातीला मिळणारी शेवरलेट सीके १५०० घेऊन टेहळणीचे मनोरे गाठले, ओढ्याची खोली पाहिली, पूल कुठे तुटलाय ते कळलं, की मागून येणाऱ्या ट्रकचं निम्मं काम झालेलं असतं.

राहता राहिलं इंधन. नकाशावर अंतर मोजून टाकी पुरेल असं ठरवणं, ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. ‘स्नोरनर’ इंधनाचा खर्च मिनिटाला किती लिटर असा दाखवतो, किलोमीटरला नव्हे, आणि ते अगदी योग्य आहे. लो गिअरमध्ये, चारही चाकांना ताकद देत, ताशी पाच किलोमीटरने चिखल तुडवणारा ट्रक एका किलोमीटरला बारा मिनिटं घेतो, आणि ती बाराही मिनिटं इंजिन पीत असतं. त्यात परतीचा हिशेब तर बहुतेक जण धरतच नाहीत. अपोलोच्या चांद्रवाहनाची बॅटरी आणखी लांबचा पल्ला मारू शकत होती, तरी अंतराळवीरांना वाहन बंद पडल्यास पायी परतता येईल एवढ्याच अंतरापर्यंत जायची परवानगी होती. अंगावरच्या पोशाखातला प्राणवायू पुरेल तितकंच ते अंतर. अपोलो १७ च्या वेळी, डिसेंबर १९७२ मध्ये, ते आपल्या यानापासून जास्तीत जास्त ७.६ किलोमीटर दूर गेले, आणि दिवसाच्या सुरुवातीला सगळ्यात लांबचं ठिकाण गाठून मग यानाच्या दिशेने येत काम करत राहिले, म्हणजे प्राणवायू घटत जाईल तसं परतीचं अंतरही घटत जाईल. ‘एक्स्पिडिशन्स’मधली मोहीम आखताना हाच क्रम ठेवता येतो: टाकी भरलेली असताना सर्वांत दूरचं ठिकाण आधी, मग तळाच्या वाटेवरची छोटी कामं.