दहा टक्के सवलतीची खरी किंमत

मांडव्याहून अलिबाग, पोयनाड, वडखळ या मार्गाने पेणला जाता येते. पेण शहर व त्यापुढील हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. येथील मूर्ती परदेशांतही जातात. तरीही परदेशी स्पर्धा या धंद्याला चुकलेली नाही. गणेशमूर्तीसुद्धा चीनमधून का आणाव्यात, असा प्रश्न अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जून २०२० मध्ये जाहीरपणे विचारला होता.

यंत्रावर तयार होणाऱ्या स्वस्त मालासमोर लहान कारखानदाराला पहिला उपाय सुचतो तो भाव उतरवण्याचा. त्यापूर्वी कागदावर एक हिशेब मांडावा. समजा, मूर्तीचा भाव १,००० रुपये आहे आणि माती, रंग, मजुरी मिळून दर मूर्तीमागे ७०० रुपये खर्च होतो. उरलेल्या ३०० रुपयांतून भाडे, व्याज व घरखर्च भागवायचा. भाव १० टक्क्यांनी उतरवला की ३०० चे २०० होतात. पूर्वी १०० मूर्तींतून सुटणारे ३०,००० रुपये मिळवण्यासाठी आता १५० मूर्ती विकाव्या लागतील. हाताने काम करणाऱ्याजवळ तेवढे दिवस नसतात. म्हणून त्याने भावाने नव्हे, तर डोळ्यांच्या सुबक आखणीने व वेळेवर माल देऊन स्पर्धा करावी.

दुसरा मुद्दा काळाचा. काम वर्षभर चालते. मुख्य विक्री मात्र भाद्रपदाच्या तोंडावर होते. ७०० रुपये सहा महिने अडकले, तर दरसाल १२ टक्के दराने ४२ रुपये व्याज पडते. विक्रीनंतर आणखी सहा महिने उधारी राहिली, तर एकूण ८४ रुपये, म्हणजे ३०० रुपयांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक, व्याजातच जातात. परदेशी मागणीचा माल काही महिने आधी रवाना होतो. त्यावर आगाऊ रक्कम घ्यावी. काही मूर्ती न रंगवता कच्च्याच लवकर विकल्या, तर भाव कमी मिळूनही त्या लाभाच्या ठरू शकतात. कारण पैसा लवकर मोकळा होतो.

तिसरा मुद्दा आपणा व्यापाऱ्यांचा. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर या मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्राप्तिकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते.

स्वस्त परदेशी माल थोपवणे आपल्या हाती नाही. उधारी वेळेवर चुकती करणे मात्र आहे. कारखानदार टिकला, तरच पुढील हंगामात आपल्या दुकानात माल येईल.