शेर, पायली, मण आणि २०४८

सोलापुरातल्या आमच्या घराच्या माळ्यावर धान्याची जुनी मापं आहेत. पायली, शेर, मापटं, चिपटं, सगळी एकात एक बसवलेली. आजीला कोष्टक तोंडपाठ होतं: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. गावागणिक मापं थोडीफार बदलत, आजीच्या कोष्टकात मात्र मणापर्यंत दुपटीचीच चाल. भाचीच्या फोनवर ‘२०४८’ हा खेळ पहिल्यांदा पाहिला आणि मी मनात हिशेब केला. मणात निळवी भरतात १०२४. दोन मण म्हणजे बरोबर २०४८!

हा खेळ गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने मार्च २०१४ मध्ये एका शनिवार-रविवारात लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. घरं सोळा. बोट फिरवलं की सगळे आकडे त्या दिशेला शेवटपर्यंत घसरतात, सारखे दोन भिडले की त्यांच्या बेरजेचा एक होतो. प्रत्येक चालीनंतर एक नवा २ येतो, दहात एखादा ४.

त्याच्या महिनाभर आधी याच जातीचा ‘थ्रीज’ हा खेळ आला होता. अॅशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांनी त्यावर चौदा महिने घालवले. आकडे रुक्ष वाटतील म्हणून त्यांनी सुशी, बुद्धिबळ, ब्रोकोलीचं सूप, कापडाचे नमुने असं काय काय चढवून पाहिलं. खेळणारे गोंधळले आणि दोघं पुन्हा आकड्यांकडे आले. चादरींच्या गावात राहणाऱ्या मला कापडाचे नमुने पाहायला आवडले असते, पण त्यांचा निर्णय योग्यच होता. ‘थ्रीज’मध्ये १ आणि २ मिळून ३ होतो, पुढे मात्र सारख्यालाच सारखा जुळतो. आकडे एका चालीत एकच घर सरकतात आणि पुढे काय येणार हे आधी दिसतं.

खरा फरक गुणांमध्ये आहे. ‘२०४८’मध्ये दोन आकडे जुळले की तयार झालेल्या आकड्याइतके गुण तिथल्या तिथे मिळतात. नुसत्या २ पासून उभारलेला ५१२ तोवर ४०९६ गुण देऊन गेलेला असतो, म्हणजे तसे दोन असले तर ८१९२. त्यांचा १०२४ केला की ९२१६. इतकी अवघड जुळणी, आणि वाढ जेमतेम साडेबारा टक्के. हे गुण मुख्यतः तुम्ही किती वेळ तग धरला ते मोजतात, कारण पटावरची बेरीज प्रत्येक चालीला सरासरी २.२ ने वाढतच असते. ‘थ्रीज’ खेळ संपल्यावर पटावर उरलेलं मोजतो. तिथे आकडा दुप्पट झाला की गुण तिप्पट होतात: ३ ला ३, ६ ला ९, १२ ला २७. दोन ३८४ चे मिळून १३१२२, त्यांच्या एका ७६८ चे १९६८३. दीडपट! जुळवणाऱ्याच्या कौशल्याची किंमत इथे होते. खळ्यावर रास मोजतात तीही मळणी उरकल्यावर, पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून.

म्हणून सुट्टीत आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून मापांचा खेळ बनवला. सुरुवात शेरापासून. शेरापासून सोळा मणांपर्यंत दहा दुपटी होतात. २ पासून २०४८ पर्यंतही दहाच. मोजणी शेवटी, दर पायरीला तिप्पट. अडलं ते खंडीपाशी. वीस हा आकडा दुपटीत येत नाही. भाची म्हणाली, “मामा, खंडी काढूनच टाकू या.” मला ते पटेना, कारण आजीच्या कोष्टकातली सगळ्यात सुंदर अडचण तीच होती. मग नियम ठरला: सोळा मण आणि चार मण शेजारी आले तरच खंडी. बाकी सगळीकडे सारख्यालाच सारखा.

या एका नियमाने खेळ पालटला. ‘२०४८’मध्ये मोठा आकडा कोपऱ्यात ठेवायचा आणि बाकीचे त्याच्यापासून उतरत्या क्रमाने लावायचे, ही सवय बोटांना लागते. इथे तेवढ्याने भागत नाही. चार मणांचं एक घर वाढू न देता सांभाळावं लागतं, आणि ते सोळाच्या शेजारीच हवं. दुसरे चार मण वाटेत आले की दोन्ही मिळून आठ होतात आणि हातची खंडी जाते.

परवा रात्री भाचीचे सोळा मण कोपऱ्यात बसले होते, चार मण त्यांच्या दोन घरं खाली. मध्ये एक शेर अडकलेला. त्याच्या जोडीला दुसरा शेर यावा म्हणून ती डाव्या-उजव्या चाली खेळत राहिली. जेवणं उरकली, ताटं उचलली गेली. शेर आला, पण पटाच्या दुसऱ्या टोकाला.