धडक देणाऱ्या गाडीचा विमाच नसेल तर?

अपघात झाल्यावर पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाला समोरच्या गाडीचा विमा संपलेला आहे असे कळले की आजूबाजूचे दोन प्रकारचे सल्ले देतात. पहिला म्हणजे, ‘आता काही मिळायचे नाही, तिथल्या तिथे मिटवून टाका.’ दुसरा, अलीकडे जास्त ऐकू येणारा, ‘सरकारचा निधी आहे, तिथून मिळतील.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे: भरपाई देणे हे विमा कंपनीचे काम, कंपनी नसेल तर दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेचे. कायद्याची मांडणी मात्र उलटी आहे. भरपाईची जबाबदारी मुळात निष्काळजी चालकाची आणि गाडीच्या मालकाची. विमा कंपनी त्या जबाबदारीला पैशाचा आधार देते, इतकेच. आधार काढला तरी जबाबदारी जागच्या जागी राहते. बदलतो तो फक्त वसुलीचा रस्ता, आणि तो खरोखर खडतर आहे.

हा प्रश्न तुरळक लोकांपुरता नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा, म्हणजे बोलीतले ‘थर्ड पार्टी’, सक्तीचा आहे. तरी देशातल्या निम्म्याहून अधिक गाड्या विम्याविना असल्याचे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीसमोर आले आहे. त्यात दुचाकींचा भरणा मोठा. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्या मोटारींना तीन आणि दुचाकींना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घेणे बंधनकारक झाले, पण ती मुदत संपल्यावर नूतनीकरण आठवणीने करणारे थोडेच. विम्याविना गाडी चालवल्याचा दंड कलम १९६नुसार पहिल्या वेळी दोन हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. व्यवहारात हप्त्यापेक्षा दंड परवडतो असा हिशेब अनेकजण करतात. हा हिशेब मुळातच चुकतो, कारण खरा धोका दंडाचा नसून भरपाईचा आहे. कमावता माणूस गेला तर त्याचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असणारे यांवरून मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी रक्कम ठरवते, ती सहज पंचवीस-तीस लाखांच्या घरात जाऊ शकते. विमा नसेल तर ती सगळी मालकाच्या खिशातून.

मात्र गाडी विम्याविना आहे हे मान्य करण्याआधी ते खरे आहे का, हे तपासायला हवे. ‘एम परिवहन’ अॅपवर नोंदणी क्रमांक टाकला की विम्याची मुदत दिसते. तिथे मुदत संपलेली दिसली तरी विमापत्र मागवून घ्यावे, आणि चालू दिसली तरी त्यावरची वेळ पाहावी. पॉलिसी दुपारी दोनला सुरू होत असेल आणि अपघात सकाळी अकराचा असेल, तर तारीख तीच असूनही विमा लागू होत नाही. याउलट, हप्त्याचा चेक वटला नाही म्हणून कंपनी हात झटकू लागली तर तिचे ऐकून परत फिरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये लक्ष्मम्मा खटल्यात स्पष्ट केले की, पॉलिसी रद्द केल्याचे कंपनीने अपघाताआधी मालकाला कळवले नसेल, तर जखमींची भरपाई तिनेच द्यायची आणि मग मालकाकडून वसूल करायची. चालकाकडे परवाना नव्हता, अशा प्रकरणांतही २००४च्या स्वर्णसिंग निकालापासून ‘आधी द्या, मग वसूल करा’ हाच शिरस्ता आहे. गाडी विकली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावरच राहिली, तरी कलम १५७नुसार थर्ड पार्टीचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. म्हणजे कंपनीने नाकारलेली गाडी आणि विमा नसलेली गाडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मात्र ‘मुदत संपल्यावर नव्वद दिवस चालते’ हा समज खोटा. ते नव्वद दिवस नो क्लेम बोनस टिकवण्यापुरते असतात. त्या काळात अपघात झाला तर विमा शून्य.

आता निधीचा सल्ला. अपघातानंतर पळून गेलेल्या आणि शोध घेऊनही न सापडलेल्या गाडीच्या बळींसाठी कलम १६१खाली मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२पूर्वी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. पण अट आहे ती गाडी अज्ञात असण्याची. गाडी समोर उभी आहे, नंबर माहीत आहे, मालक माहीत आहे, फक्त विमा नाही, तर या योजनेचे दार बंद. ब्रिटनमध्ये विमा नसलेल्या गाडीच्या बळींना पैसे देणारी मोटर इन्शुरर्स ब्यूरो १९४६पासून आहे. तशी भरपाई देणारी व्यवस्था आपल्याकडे नाही, आणि माझ्या मते ही आपल्या कायद्यातली सर्वांत मोठी पोकळी आहे. पळून गेलेल्या चालकाच्या बळीला निदान दोन लाख, आणि जागेवर थांबलेल्या पण विमा नसलेल्या चालकाच्या बळीला निधीतून काहीच नाही, हे तर्काला धरून नाही. मे २०२५पासून लागू झालेल्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोख उपचार मिळतात, आणि त्यासाठी धडक देणाऱ्या गाडीचा विमा असण्याची अट नाही. तो आधार मोलाचा, पण तो उपचारांचा आहे. कमाई गेली, पाय गेला, माणूस गेला, त्याचे पैसे त्यातून येत नाहीत.

म्हणजे उरतो तो मालकच. इथे मोठा आक्षेप येतो: त्याच्याकडे काही नसेल तर न्यायाधिकरणाचा निवाडा कागदावरच राहणार. आक्षेप खोटा नाही. विम्याचा हप्ता न भरणारा माणूस अनेकदा खरोखर फाटका असतो. पण त्याच्याकडे एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे ती गाडी. आणि अपघातानंतर ती पोलिसांच्या आवारात उभी असते. नेहमीच्या पद्धतीत मालक न्यायालयात अर्ज करतो, सुपूर्दनाम्यावर गाडी सोडवून घेतो आणि मग ती विकली जाते. जखमी माणूस अजून रुग्णालयात असतो. हे थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्ये उषा देवी खटल्यात सर्व राज्यांना दिल्लीच्या धर्तीवर नियम करायला सांगितले. विमा नसलेली अपघातग्रस्त गाडी मालकाने भरपाईसाठी पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडायची नाही. तारण दिले नाही तर तीन महिन्यांनंतर तिचा जाहीर लिलाव करायचा आणि रक्कम न्यायाधिकरणात भरायची. जुन्या दुचाकीला लिलावात फारसे येणार नाही, हे खरे. ट्रक, टेम्पो किंवा चारचाकी असेल तर मात्र ही रक्कम हाती येणारी पहिली आणि कधीकधी एकमेव रोकड ठरते. हा नियम अनेकांना ठाऊकच नसतो. तक्रारदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर गाडी गुपचूप सुटते.

गाडीपलीकडे मालकाची इतर मालमत्ता असते. न्यायाधिकरणाचा निवाडा झाल्यावर पैसे आले नाहीत तर कलम १७४नुसार जिल्हाधिकाऱ्याकडे वसुलीचा दाखला पाठवून घेता येतो, आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. ज्याने महसूल खात्याची कार्यपद्धती पाहिली आहे त्याला याचे वजन कळेल: तहसीलदाराची नोटीस, सातबाऱ्यावर बोजा, जप्ती. शेत विकायला निघालेल्या माणसाला तो बोजा उतरवल्याखेरीज गिऱ्हाईक मिळत नाही. वेळ लागतो, पण हे कर्ज विसरले जात नाही. मालक कोण, हा वादही कायद्याने बराचसा मिटवला आहे. ‘गाडी मी केव्हाच विकली’ असे नोंदणीकृत मालक सांगतो, पण आरटीओत नाव बदलले नसेल तर जबाबदारी त्याचीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा नवीन कुमार निकाल आहे. गाडी मधल्या काळात किती हातांतून फिरली याच्याशी जखमीला देणेघेणे नाही. नाव बदलण्याचा कंटाळा करणाऱ्या विक्रेत्यांनी हे वाचून ठेवावे.

चूक कोणाची हे सिद्ध करता येत नसेल तरी मार्ग आहे. कलम १६४खाली दोषाचा मुद्दा न काढता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात, आणि विमा नसेल तर ते मालकाने द्यायचे. चूक थोडी स्वतःचीही असेल तरी दावा संपत नाही, रक्कम त्या प्रमाणात कमी होते. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून भरपाई बुडत नाही, कारण तिथे पुराव्याचा निकष वेगळा. दावा अपघाताच्या ठिकाणी तसाच अर्जदाराच्या राहत्या जिल्ह्यातही दाखल करता येतो. मुदत २०२२पासून सहा महिन्यांची आहे. तिच्या वैधतेला आव्हान दिले गेले असून, केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये दिला आहे. त्या आदेशावर विसंबून बसण्यात शहाणपण नाही.

तडजोडीचे काय? नुसता बंपर चेपला असेल आणि आपल्या गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल, तर समोरच्याशी घासाघीस करत बसण्यापेक्षा आपल्याच कंपनीकडे दावा करावा. बोनस जातो, सक्तीची थोडी रक्कम पदरची जाते, पण गाडी दुरुस्त होते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर तो आपल्या गाडीला लागू नाही, हे बऱ्याच जणांना गॅरेजमध्ये पोहोचल्यावर कळते. अंगाला मार लागला असेल तर मात्र जागेवर मिटवू नये. त्या दिवशी किरकोळ वाटलेला मुका मार आठवड्याने शस्त्रक्रियेपर्यंत गेला, तर पाच हजार घेऊन दिलेली सही आडवी येते आणि पंचनामाही झालेला नसतो.

तेव्हा पहिल्या आठवड्यात दोन कामे करा. गाडीचा विमा नाही हे लेखी कळवून, तारणाशिवाय ती सोडू नये असा अर्ज पोलीस ठाण्यात आणि संबंधित न्यायालयात द्या. आणि दोन्हीकडून तारीख-शिक्क्यासह पोच घ्या.