पोलाद ढकलणारे यंत्र आणि आपला माणूस

घराच्या स्लॅबमध्ये जी सळई पडते, ती कोणत्या आगीतून आली हे आपण फारसे विचारीत नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत अशी सळई आणि तिच्यासाठी लागणारे पोलाद तयार करणारे अनेक कारखाने आहेत. या धंद्याच्या पगारावर कित्येकांची चूल पेटते. परंतु आपला माणूस तेथे नेमका कोणत्या यंत्रापुढे उभा राहतो, हे घरच्यांना ठाऊक नसते. आज आम्ही अशाच एका यंत्राची ओळख करून देणार आहोत. त्याचे नाव पुशर, म्हणजे ढकलणारे यंत्र.

भट्टीत भंगार वितळते. सुमारे १६०० अंश सेल्सिअस उष्णतेचा तो रस लॅडल नावाच्या मोठ्या बादलीतून टंडिश या कुंडात आणि तेथून तांब्याच्या साच्यात उतरतो. या साच्याला तळ नसतो. सुरुवातीला डमी बार नावाचा लोखंडी दांडा खालून घालून त्याचे तोंड बंद करतात. रस त्या दांड्याला धरून गोठला की दांडा खाली ओढायचा. त्याच्यामागून पोलादाची अखंड कांब येऊ लागते. साच्याभोवती पाणी खेळत असल्याने कांबेची साल घट्ट होते, आत मात्र रसच असतो. साल साच्याला चिकटू नये म्हणून साचा सारखा वर-खाली हलत असतो. ही युक्ती जर्मनीच्या सिगफ्रिड युंगहान्स यांनी १९३३ साली पुढे आणली.

पुढे पाण्याचे फवारे कांब थंड करतात, रोलर तिला सरळ करतात आणि गॅसच्या ज्योतीने तिचे तुकडे होतात. या तुकड्याला बिलेट म्हणतात. लालभडक बिलेट रोलरवरून धावत येऊन अडसराला थांबतो. तेथे पुशर आपले काम करतो. मोटारीच्या साखळीवर किंवा तेलाच्या दाबावर चालणारे त्याचे हात बिलेटला बाजूने रेटून थंड होण्याच्या जागेवर, म्हणजे कूलिंग बेडवर सारतात आणि मागे येतात. दोन्ही हात बरोबरीने पुढे गेले पाहिजेत. एक हात मागे राहिला तर बिलेट तिरका होतो आणि अडकतो.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आकडा मांडल्याशिवाय आम्हाला गोष्ट पटत नाही. १०० मिलिमीटर चौरस आणि ६ मीटर लांब बिलेट घेतला, तर त्याचे वजन सुमारे ४७० किलो भरते. कांब मिनिटाला ३ मीटर वेगाने निघत असेल, तर दर दोन मिनिटांनी एक बिलेट तयार होतो. अशा दोन कांबा चालू असतील, तर दर मिनिटाला एक!

खरा धोका येथे आहे. वरून रस ओतणे चालू आहे आणि खाली बिलेट अडकला आहे. मागचा बिलेट येऊन ठेपणार. ओतकाम थांबवले तर टंडिशमधला रस गोठेल, मालाचे नुकसान होईल. अशा वेळी कोणीतरी ओरडतो, "पहार घे, हलव पटकन!" आणि माणूस चालू यंत्राच्या हातापुढे जातो. पुशरला समोर बिलेट आहे की माणूस आहे, हे कळत नाही. इशारा देणारी खटकी धुळीने किंवा पोलादाच्या खपलीने अडली, तर तो वेळ नसतानाही पुढे सरकतो. नुसते बटण बंद केल्याने भागत नाही. तेलाचा दाब नळीत शिल्लक असतो, आणि लांब उभा असलेला दुसरा माणूस नकळत बटण दाबू शकतो.

मग उपाय काय? वीज तोडायची, तेलाचा दाब उतरवायचा, स्विचला कुलूप लावायचे आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात ठेवायची. तो बाहेर आल्याशिवाय कुलूप निघता कामा नये. धोक्याच्या हलत्या भागांना मजबूत कठडा घालावा, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ ने सांगितले होते. २०२० साली नवी संहिता झाली. तिनेही कामगाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावरच ठेवली आहे. कंत्राटी कामगाराचे हाड कायम कामगाराच्या हाडापेक्षा स्वस्त नसते.

गोठलेला रस पुन्हा वितळवता येतो. वाया गेलेला बिलेट पुन्हा भट्टीत टाकता येतो. तुटलेला हात कोणत्या भट्टीत टाकून परत मिळणार?

म्हणून वाचकहो, आणि विशेषतः घरच्या भगिनींनो, आपला माणूस पाळीवरून आला की पगाराबरोबर दोन गोष्टी जरूर विचारा. बिलेट अडकला तर यंत्र कोण थांबवतो? कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात असते? किरकोळ इजा झाली तरी त्याच दिवशी अपघाताच्या वहीत नोंद करून घ्यायला सांगा आणि ईएसआयचे कागद घरात हाताशी ठेवा. आणि किल्ली कोणाकडे असते याचे उत्तर त्याला देता आले नाही, तर चार कामगारांनी मिळून ते दुसऱ्याच दिवशी साहेबाला विचारावे. एकट्याने विचारले तर तो तक्रारखोर ठरतो. चौघांनी विचारले तर कुलूप मिळते.