दा. ध. कोसंबी आणि संदर्भगणनेची मर्यादा

संशोधकाचा प्रभाव त्याच्या लेखनाला मिळालेले संदर्भ मोजून ठरविण्याची पद्धत विज्ञानात रूढ आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी (1907-1966) यांच्याबाबतीत ती अपुरी पडते. 1944 साली त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र मांडले. पिकांचे जनुकीय नकाशे आजही त्या सूत्राने आखले जातात. परंतु ते कोसंबींच्या नावाने इतके रुळले आहे की मूळ लेखाचा निर्देश पुष्कळदा होतच नाही. उलट, 1943 च्या सांख्यिकीविषयक लेखातील कल्पना पुढे कारहुनेन व लोएव्ह यांच्या नावे प्रसिद्धी पावली.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास मात्र 1948 ची भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती अधिक मोलाची. शेकडो हस्तलिखिते ताडून कोसंबींनी एकूण 852 श्लोकांपैकी बहुतेक सर्व पाठपरंपरांत आढळणारे 200 श्लोक वेगळे काढले. ही शिस्त गणितज्ञाची आहे, हे सांगावयास नकोच. व्ही. व्ही. गोखले यांच्यासह संपादिलेला विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ 1957 मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत निघाला. त्याच्या आधारे डॅनिएल इंगॉल्स यांनी 1965 मध्ये इंग्रजी अनुवाद सिद्ध केला. तौलनिक विवेचनात तो अनुवाद उद्धृत होतो, तेव्हा संदर्भ बहुधा अनुवादकाच्या खाती जमा होतो.